ईस्ट हार्लेमची व्हायवा

इयरफोन लावलेत ना? आज जायचंय न्यूयॉर्कला, ईस्ट हार्लेममध्ये.

साल 1974. शहरात शाळांचे 32 विभाग होते आणि मुलांच्या वाचनात हा विभाग 32वा, म्हणजे तळाला. मुलं बहुतेक पोर्टो रिकन आणि कृष्णवर्णीय, घरची परिस्थिती बेताची. विभागप्रमुख अँथनी अल्वाराडो यांनी डेबोरा मायर या शिक्षिकेला सांगितलं, तुमच्या पद्धतीने शाळा काढा. सेंट्रल पार्क ईस्ट सुरू झाली. सरकारीच, फुकटच.

ती लहान मुलांची शाळा. पण मुलं शाळा सोडतात ती पुढे, चौदा-पंधराव्या वर्षी. म्हणून 1985 मध्ये मायरबाईंनी सातवी ते बारावीची शाळा काढली. सगळी मिळून साधारण 450 मुलं. शहरातल्या नेहमीच्या हायस्कूलमध्ये एका शिक्षकाकडे दीडशेच्या वर मुलं यायची, इथे 40च्या आसपास. शिवाय पंधराएक मुलांमागे एक सल्लागार शिक्षक. मुलगा दोन दिवस आला नाही, तर घरी फोन कोणी करायचा हे ठरलेलं. (मी बीटेकची चार वर्षं रोल नंबर म्हणून काढली. आठवा दिवस गैरहजर राहिलो तरी कोणाला पत्ता नसायचा.)

आता माझा आवडता भाग. इथे पास व्हायचं तर 14 पोर्टफोलिओ तयार करायचे आणि त्यातले सात मुख्य विषय कमिटीसमोर मांडायचे. समोर दोन शिक्षक, मुलाने स्वतः निवडलेली एक मोठी व्यक्ती आणि शाळेतलाच एखादा विद्यार्थी. थोडक्यात व्हायवाच! पण आमच्या व्हायवात एक्स्टर्नल चहा पितापिता व्याख्या विचारायचे. इथे प्रश्न वेगळे. हे कशावरून म्हणतोस? हे कोणाच्या नजरेतून? याचा कशाशी संबंध? असं नसतं तर? आणि त्याने कोणाला काय फरक पडतो? जमलं नाही तर नापासाचा शिक्का नाही. काम सुधारायचं, परत यायचं. ज्या पोरांना कोणी दोन वाक्यं पूर्ण बोलू दिली नव्हती, ती तासभर आपलं म्हणणं लढवायची. सुरुवातीच्या तुकड्यांतली बहुतेक मुलं कॉलेजात गेली. 1987 मध्ये मायरबाईंना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

मग? 1990च्या दशकात बाई बॉस्टनला गेल्या. राज्याने रीजंट्स ही लेखी परीक्षा सगळ्यांना सक्तीची करत आणली. इकडे सांभाळणारं माणूस गेलं, तिकडे नियम बदलला. मला विचाराल तर पहिला धक्का जास्त मोठा, कारण हे सगळं कागदावर कमी आणि माणसांत जास्त होतं. हळूहळू तिचं नेहमीसारखं हायस्कूल झालं. नावात सेंट्रल पार्क ईस्ट तेवढं राहिलं.

न्यूयॉर्कमधल्या काही सरकारी शाळांनी मात्र भांडून बहुतेक रीजंट्समधून सूट मिळवली. तिथली मुलं आजही कमिटीपुढे बसतात.