नळीचे आतले टोक

रोआल्ड डालच्या चरित्रकारांना एक प्रसंग विशेष प्रिय आहे, आणि तो तसा असावा यात नवल नाही. ५ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये एका टॅक्सीने त्याच्या चार महिन्यांच्या मुलाच्या, थिओच्या, बाबागाडीला धडक दिली. डोक्याला जबर इजा झाली आणि पुढे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचू लागले. वैद्यकात या विकाराला जलशीर्ष म्हणतात. ते पाणी रक्तप्रवाहात सोडण्यासाठी बसवलेली नळी वारंवार तुंबे. तुंबली की मुलाची दृष्टी मंदावे, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे.

नळीच्या मार्गात जो व्हॉल्व्ह होता, त्यामागेही एक बापच उभा होता. फिलाडेल्फियाचा कारागीर जॉन होल्टर याने १९५० च्या दशकात आपल्या मुलाच्या जलशीर्षावर उपाय म्हणून तो घडवला होता. सिलिकोनला पाडलेल्या बारीक चिरा दाबाने उघडत आणि मिटत. मेंदूत रक्तस्राव झालेल्या मुलांत मात्र या चिरांत गाळ अडके. डालने लंडनचे मेंदूशल्यविशारद केनेथ टिल यांना गाठले आणि विमानांच्या प्रतिकृतींची इंजिने बनवणाऱ्या स्टॅन्ली वेड या अभियंत्याची त्यांच्याशी गाठ घालून दिली. चिरांच्या जागी धातूच्या लहान चकत्या आल्या, आणि १९६२ मध्ये ‘वेड-डाल-टिल’ व्हॉल्व्ह वापरात आला. (यातील पहिला शब्द आडनाव आहे, हे मराठी वाचकाला सांगितलेले बरे.) तिघांनीही त्यातून नफा घेतला नाही. तोवर थिओ सावरला होता. त्याला तो बसवावाच लागला नाही. इतर मुलांना मात्र लागला, २ ते ३ हजार मुलांना, असे सांगितले जाते.

कथा येथे संपवण्याचा मोह स्वाभाविक आहे. समीक्षकांना तर आणखी एक मोह होईल. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ १९६४ ची. तीत चॉकलेटच्या नदीत पडलेला ऑगस्टस काचेच्या नळीत अडकतो, खालून दाब वाढत जातो आणि तो सुटतो. चरित्राचा धागा ओढून कादंबरी उसवण्याची ही रीत आम्हांस मान्य नाही. मुलाच्या मेंदूतली तुंबलेली नळी आणि खादाड पोराची फजिती यांना एका दोरीत ओवून दोहोंपैकी कशाचाच अर्थ वाढत नाही.

आमचा आक्षेप मात्र कथेच्या शेवटावर आहे. व्हॉल्व्ह हा नळीचा मधला भाग. पाणी नळीत शिरते ते मेंदूच्या पोकळीत असलेल्या टोकाच्या छिद्रांतून, आणि आजही नळी बहुधा तुंबते ती तेथेच. पोकळीत पाणी निर्माण करणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचे तंतू त्या छिद्रांत वाढतात. व्हॉल्व्ह कितीही निर्दोष असला तरी त्याचा येथे उपयोग नाही. टोक नेमके कोठे पोहोचले, याला मोल आहे.

आणि ते पोहोचवायचे कसे? स्विस शल्यविशारद थिओडोर कोखर यांच्या नावाने ओळखला जाणारा बिंदू नाकाच्या मुळापासून सुमारे ११ सेंटिमीटर मागे आणि मध्यरेषेपासून सुमारे ३ सेंटिमीटर बाजूला असतो. तेथे कवटीला छिद्र पाडायचे. मग नळी त्याच बाजूच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या रोखाने आणि कानाच्या पाळीपुढच्या उंचवट्याच्या पातळीत, सहा-सात सेंटिमीटर आत न्यायची. आतले काही दिसत नसते. चेहऱ्यावरच्या खुणांवरून कवटीतला नकाशा वाचायचा. अपघाताने किंवा रक्तस्रावाने पोकळी चेपलेली वा सरकलेली असेल, तर खुणा तशाच राहतात आणि नकाशा बदललेला असतो.

तातडीच्या वेळी रुग्णाच्या खाटेशीच, केवळ हाताच्या अंदाजाने, अशी तात्पुरती नळी बसवतात. पाणी बाहेरच्या पिशवीत उतरते. अशा ३४६ नळ्यांचा अमेरिकेतील एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७७ टक्के टोके हव्या त्या ठिकाणी होती. १० टक्के भलत्याच जागी, पण निभावून नेता येईल अशी. उरलेली १३ टक्के चुकीच्या पोकळीत, किंवा वाचा, हालचाल, दृष्टी सांभाळणाऱ्या भागांत. मेंदूच्या या भागांना इंग्रजी शल्यविद्येत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘वक्तृत्वपूर्ण’ असा होतो. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दाशी थोडे थांबावे.

टोक नीट बसले तरी नळीच्या वाटेत रक्त साकळू शकते, आणि नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. संगणकाच्या किंवा ध्वनिलहरींच्या साहाय्याने रोख धरण्याची साधने आता आहेत, आणि जेथे पोकळी अरुंद असते तेथे त्यांचा आधार घेतला जातो. मात्र रात्री बेशुद्ध रुग्ण आला आणि वेळ हातात नसला, की पुष्कळदा उपयोगी पडतात त्या डोळ्याचा कोपरा आणि कान या दोन खुणाच.