पायांतील बळ : एका समजुतीचा इतिहास

"आई, तुम्ही बसा, आम्ही करतो." घरातील वडील बाईची साठी-सत्तरी उलटली की हे वाक्य ऐकू येऊ लागते. ते मायेपोटीच असते. हातातली बादली काढून घेतली जाते, जिना बंद होतो, देवळापर्यंतचे जाणेही बंद होते आणि दोन-चार वर्षांत खुर्चीचे हात धरल्याखेरीज उठता येईनासे होते. मग सारीजण म्हणतात, वयच झाले! हे काम वयाचे किती आणि बसण्याचे किती, हा प्रश्न वैद्यकाने फार उशिरा विचारला. तो कसा विचारला गेला, ही हकीगत आपल्या भगिनींनी वाचावी म्हणून येथे देत आहे.

१९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या गरीबखान्यातील ७१४ खाटा आल्या. त्यांवर वर्षानुवर्षे पडून राहिलेली म्हातारी माणसे होती. कोणी तपासले नव्हते, कोणी उठवले नव्हते. त्यांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन या बाईंवर आली. त्यांनी एकेकाला नीट तपासले, भिंतींना उजळ रंग दिले आणि ज्यांना शक्य होते त्यांना खाटेवरून उठवून चालायला लावले. बरीच माणसे चालू लागली. कित्येक तर घरी परतली. खाटेवर पडून राहणे हे पुष्कळदा दुखण्याचे कारणच असते, परिणाम नव्हे, हे या बाईंनी दाखवून दिले. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांवरील उपचारांचा खरा आरंभ येथून होतो.

पण चालवणे वेगळे आणि गेलेले बळ परत आणणे वेगळे. म्हातारपणी आटलेला स्नायू पुन्हा भरत नाही, ही समजूत पुढेही कायम राहिली. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. मारिया फियाटारोन यांनी तिला धक्का दिला. वृद्धाश्रमातील दहा जणांना त्यांनी आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम दिला, तोही हलकाफुलका नव्हे, चांगले वजन उचलण्याचा. या मंडळींचे सरासरी वय नव्वद! पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांची काठी सुटली. मात्र व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत बळ ३२ टक्क्यांनी उतरले, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदले आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न : बळ आले म्हणून पडणे कमी होते काय? मांडीचे हाड मोडून अंथरूण धरलेली बाई कोणाच्या ओळखीत नाही? याचे उत्तर न्यूझीलंडमधील ड्युनेडिन गावाने दिले. तेथील ओटागो विद्यापीठाच्या डॉ. जॉन कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशी वर्षे व त्यापुढील २३३ स्त्रिया निवडल्या. निम्म्यांच्या घरी व्यायाम शिकवणारी बाई दोन महिन्यांत चार वेळा गेली. उरलेल्यांकडेही तितक्याच वेळा कोणी तरी गेले, पण नुसते गप्पा मारायला; नाही तर फरक व्यायामाचा की सोबतीचा, हे कसे कळणार? वर्षभरात गप्पांच्या गटात १५२ वेळा पडणे झाले, व्यायामाच्या गटात ८८ वेळा. हा निकाल १९९७ साली प्रसिद्ध झाला.

व्यायाम तरी काय होते? घोट्याला वजनाची पट्टी बांधून खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ करणे, आधार धरून गुडघे किंचित वाकवणे, टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल लावून उभे राहणे, उलटे चालणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे. आठवड्यातून तीन दिवस अर्धा अर्धा तास, शिवाय थोडे फिरणे. जसजसे जमेल तसतसे वजन वाढवायचे. स्वयंपाकघरातील ओटा धरून यातले बरेचसे करता येते. गुडघेदुखी किंवा घेरी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

हे वाचून कोणी म्हणेल, आमच्या आज्या जात्यावर बसत, पाटावर जेवत, मंगळागौरीला रात्रभर फुगड्या घालीत. त्यांना कशाला हवा होता व्यायाम? जात्याच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते कष्ट पोटभर अन्नाशिवाय अनेकींनी उपसले आणि पाठीही मोडून घेतल्या. पण पाटाचे म्हणणे खरे आहे. ब्राझीलमधील डॉ. क्लाउडिओ अराउजो यांनी ५१ ते ८० वर्षांच्या २००२ माणसांना जमिनीवर बसायला व उठायला लावून दहापैकी गुण दिले. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण कमी! ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, असे त्यांनी २०१२ साली लिहिले. जेवणाचे टेबल आले आणि आपल्याकडील ही रोजची परीक्षा कोणाच्या लक्षात न येता बंद पडली.

ड्युनेडिनच्या स्त्रियांना पुढे दुसऱ्या वर्षासाठीही विचारण्यात आले. दोन वर्षे पुरी झाली तेव्हा व्यायामाच्या गटात उरलेल्यांपैकी ४४ टक्के स्त्रिया आठवड्यातून निदान तीनदा तो करीतच होत्या. त्यांतील सर्वांत धाकटीही तोवर ब्याऐंशीच्या घरात पोहोचली होती.