ग्रीसची पांढरी द्राक्षे

राजघराण्याची वंशावळ शोधायची तर ताम्रपट आणि शिलालेख उपयोगी पडतात. द्राक्षवेलीची वंशावळ कशी शोधावी? वाचकहो, प्रश्न दिसतो तितका गमतीचा नाही. द्राक्षाची बी पेरली तर मूळ वेलीसारखी वेल येत नाही, काहीतरी वेगळेच निपजते. जुनी जात जशीच्या तशी हवी असेल तर तिची काडी छाटून पुन्हा लावावी लागते. म्हणजे एखादी जात पाचशे वर्षे टिकली, याचा अर्थ पाचशे वर्षे कोणी ना कोणी तिची निगा राखीत आले. एका पिढीने कंटाळा केला की जात संपली! ग्रीसमधील पांढऱ्या द्राक्षांचा इतिहास या नजरेने पाहण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट एका नावाची. पेलोपोनीझच्या आग्नेय टोकाशी समुद्रात एक प्रचंड खडक आहे. त्यावर वसलेले तटबंदीचे गाव म्हणजे मोनेमवासिया. या नावाचा अर्थच ‘एकच वाट असलेले’. मध्ययुगात या भागातून बाहेर जाणाऱ्या गोड मद्याला गावाचेच नाव पडले. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी त्याचे ‘मालवाझिया’ केले, इंग्रजांनी ‘माम्झी’. पुढे क्रीट बेटातूनही हे मद्य जहाजे भरभरून जाऊ लागले. व्हेनिसमध्ये ते विकणाऱ्या दुकानांनाही हेच नाव मिळाले. तेथील काही गल्ल्या ते अजून मिरवतात. इंग्लंडच्या राजाचा भाऊ, क्लॅरन्सचा ड्यूक जॉर्ज, याला १४७८ साली देहान्ताची शिक्षा झाली. त्याला या मद्याच्या पिंपात बुडवून मारले, अशी वदंता आहे.

मग १५४० मध्ये मोनेमवासिया आणि १६६९ मध्ये क्रीटमधील कँडिया तुर्कांच्या हाती गेले. व्यापाराची घडी विस्कटली. नाव मात्र एवढे मोठे झाले होते की इटली, स्पेन, पोर्तुगाल येथल्या कितीतरी द्राक्षांना ते चिकटले. आजच्या जनुकीय तपासणीत यांतील अनेक जातींचे एकमेकींशी काहीच नाते निघत नाही. नाव उरले, घराणे हरवले.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. एजियन समुद्रातील सँटोरिनी बेट हे ज्वालामुखीचे लेकरू. तेथे माती अशी नाहीच म्हणा ना. राख आणि सच्छिद्र, हलका दगड. पाऊस तुटपुंजा, वारा बेफाम. अशा जागी ‘असिर्तिको’ नावाची पांढरी जात नांदते आहे. तेथे वेलीला मांडव नसतो. शेतकरी फांद्या गोल गोल विणून जमिनीलगत टोपली करतात आणि द्राक्षांचे घड त्या टोपलीच्या आत, वाऱ्याउन्हापासून सुरक्षित वाढतात. रात्री समुद्रावरून येणारे दव त्या सच्छिद्र दगडात मुरते, त्यावर वेल तगते. वेल म्हातारी झाली की वरचा भाग छाटून त्याच मुळातून नवी फांदी वाढवितात. त्यामुळे काही मुळे कित्येक शतकांची आहेत, असे मानतात.

१८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळे शोषणाऱ्या किडीने युरोपातील मळेच्या मळे उजाड केले. शेवटी अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीची कलमे बांधावी लागली. सँटोरिनीच्या राखेत या किडीचे काही चालले नाही. तेथली वेल आजही स्वतःच्याच मुळांवर उभी आहे. या द्राक्षांपासून एक कोरडे, आंबटसर, तेजदार मद्य होते. शिवाय द्राक्षे उन्हात वाळवून, अथिरी आणि आयदानी या पांढऱ्या जातींची जोड देऊन, गोड ‘विनसांतो’ करतात. एके काळी हे विनसांतो रशियातील चर्चमध्ये प्रसादासाठी जात असे. १९१७ च्या क्रांतीने ते गिऱ्हाईक गेले. १९५६ च्या भूकंपानंतर कितीतरी कुटुंबांनी बेट सोडले. तरी वेल राहिली.

तिसरी जात मालागुझिया. पश्चिम ग्रीसमधील ही सुवासिक जात विसाव्या शतकात जवळजवळ नाहीशी झाली होती. थेसालोनिकीचे प्राध्यापक वासिलिस लोगोथेटिस यांनी जुन्या जाती जमविल्या, त्यांत हिच्याही काड्या होत्या. १९७० नंतरच्या दशकात हाल्किदिकीतील पोर्तो कारास या मळ्यावर त्या वाढल्या. तेथील तरुण मद्यतज्ज्ञ एवांगेलोस गेरोवासिलिऊ यांनी त्यांच्यापासून मद्य करून पाहिले आणि पुढे आपल्या एपानोमी गावीही ही जात लावली. आज ती ग्रीसभर दिसते. एका माणसाने काड्या जपल्या, दुसऱ्याने त्यांची किंमत ओळखली. बस्, एवढ्यावर एक जात वाचली.

अ‍ॅटिकामधील ‘साव्वातियानो’चे दैव निराळे. दुष्काळाला न डगमगणारी ही जात. पण पाइनची राळ घातलेल्या ‘रेत्सिना’ मद्यासाठी तिचा एवढा वापर झाला की राळेच्या वासाआड तिची स्वतःची चव कोणी विचारीनासे झाले. अलीकडे कुठे ती राळेवाचून चाखली जाऊ लागली आहे.

आता संकट तुर्कांचे नाही, किडीचेही नाही. सँटोरिनीवर प्रवाशांची गर्दी लोटते, जमिनीला हॉटेलाचा भाव येतो, आणि गुडघे टेकून टोपल्या विणणारे हात कमी होत आहेत. राखेने किडीला अडविले; भावाला ती कशी अडविणार? ज्वालामुखीतून तरलेल्या वेलीचे भवितव्य शेवटी अगदी साध्या गोष्टीवर ठरणार आहे: या हिवाळ्यात तिची छाटणी करायला कोणी येते की नाही.