लढाऊ विमानाच्या पंखाचा बाक व पीळ : सिम्युलेटरच्या प्रामाण्याचा विचार

संगणकावर हवाई युद्धाचे अनुकरण घडविणाऱ्या सिम्युलेटरमध्ये विमानाचे पंख वाकताना दाखविणे हा केवळ शोभेचा भाग होय, असा समज आढळतो. उलट, पंख वाकला की अनुकरण वास्तव झाले, असेही मानले जाते. विमानविद्येचा इतिहास पाहता हे दोन्ही समज अपुरे ठरतात. पंखाचा बाक डोळ्यांना दिसतो. परंतु युद्धात निर्णायक ठरला तो बहुधा न दिसणारा पीळ.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या ऑगस्टमध्ये, जर्मनीचे फोकर ई-५ हे एकपंखी विमान आघाडीवर येताच त्याचे पंख आकाशात मोडू लागले व ते तात्पुरते मागे घ्यावे लागले. सदोष बांधणी हे ह्याचे एक कारण सांगितले जाते. स्वतः फोकर ह्याने मात्र पुढे निराळी उपपत्ती मांडली. सरकारी आग्रहावरून पंखातील मागील तुळई अधिक बळकट केल्यामुळे पुढील तुळई तुलनेने अधिक वाकत असे. त्यामुळे पंखाच्या टोकाचा वाऱ्याशी होणारा कोन वाढे, कोनासरशी भार वाढे, आणि भारासरशी पुन्हा कोन. म्हणजे वाढविलेले बळच घातक ठरले.

दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायरचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. विमान कुशीवर वळविण्यासाठी पंखाच्या मागील कडेवर एलेरॉन ही हलती पट्टी असते. ती खाली झुकली की पंख उचलला जातो. पण त्याच वेळी ती पंखाला उलट पीळ देते. वेगाबरोबर हा पीळ वाढतो आणि एका वेगाला एलेरॉन निष्प्रभ होते. त्यापलीकडे विमान उलट दिशेस वळेल. स्पिटफायरच्या मूळ पंखासाठी ही मर्यादा गणिताने ताशी ५८० मैल येत होती. १९४५ मध्ये सेवेत आलेल्या २१ व्या आवृत्तीत पंखाचा ताठपणा ४७ टक्क्यांनी वाढविला, तेव्हा ती ८२५ मैलांवर गेली.

सिम्युलेटरचे गणित दीर्घकाळ विमानास दृढ पिंड मानून चालत आले. अशा गणितावर वाकणाऱ्या पंखाचे चित्र चढविता येते. भार वाढला की चित्र वाकते, परंतु उड्डाणात फरक पडत नाही. ह्याउलट, वेगानुसार एलेरॉनचा प्रभाव घटविणारे कोष्टक गणितात असेल, तर पडद्यावरील पंख सरळ असूनही अनुकरण सत्याच्या अधिक जवळ जाते. पंखाचा ताठपणा व त्याची कंपने प्रत्यक्ष गणणे ही याहून पुढची पायरी होय.

हवाई युद्धातील वैमानिकांच्या साक्षी तपासण्यासाठी सिम्युलेटरचा आधार घेणाऱ्या अभ्यासकाने हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. भरवेगात विमान किती त्वरेने कुशीवर वळते, हे त्याने प्रथम पाहावे. पंख किती वाकलेला दिसतो, हा प्रश्न त्यानंतरचा.