'ढ' कोणी ठरवायचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ब्राह्मी लिपीपासून बाकीची अक्षरे बदलत गेली, 'ढ' मात्र जवळपास तसाच राहिला, म्हणून हे नाव पडले, असे आमचे गुरुजी गमतीने सांगत. पुढे मीही शिक्षक झालो. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी नोकरी झाली. तो विनोद मीही वर्गात केला. आज त्याची लाज वाटते.

१९९४ साली दौंड तालुक्यातल्या एका शाळेत चौथीला एक मुलगा होता. उसाच्या गाडीचा तोंडी हिशेब तो क्षणात करी. पुस्तक समोर आले की मात्र 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत अडखळे. काने-वेलांट्या गळून पडत. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी 'हुशार, पण आळशी' असा शेरा लिहिला. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

अशा मुलांकडे पाहण्याची दुसरी रीत जगात केव्हाच सुरू झाली होती. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक समिती नेमली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत कशी द्यावी, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. त्यातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. बुद्धी म्हणजे जन्मभर न बदलणारा आकडा, हे बिने यांना मान्य नव्हते. १९११ साली ते वारले आणि पुढे अनेकांनी त्यांची चाचणी नेमकी शिक्के मारायला वापरली.

आपल्याकडे, त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. धारवाडच्या मुलांवर ती पडताळून पाहिली आणि १९४० साली त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. परक्या मुलांसाठी काढलेले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे विचारून चालत नाहीत, हा त्यातला धडा. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळांत तो आजही लागू पडतो. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारे मूल मराठी वाचताना अडखळले, तर अडचण भाषेचीही असू शकते. ऊसतोडीपायी शाळा बुडालेल्या मुलाचेही तसेच. तपासणी नीट झाली तरच हा फरक कळतो.

शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पुढे पुण्यात आणखी एक चिकाटीचे काम केले. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेत होता, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी भरला. गणितात ती मागे पडत होती. चौथीतल्या अडचणीचे मूळ कधी कधी पाळण्यात असते.

कायदा मागाहून आला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेला जागा नव्हती. महाराष्ट्राने मात्र १९९६पासून अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाड्या आणि शाळांतल्या तपासणीत वाढीतल्या विलंबाचाही समावेश केला. २०१५ साली मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनातली अक्षमता ओळखण्याचे साधन मराठीतही आणले. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, त्यांत अध्ययन अक्षमता आली.

दोन वर्षांपूर्वी माझा तो विद्यार्थी दारी आला. आता तो बाप झाला आहे; मुलगी तिसरीत. म्हणाला, "गुरुजी, हिचंबी माझ्यावानीच होतंय." आम्ही तिघे दौंडहून सकाळच्या गाडीने पुण्याला एका रुग्णालयात गेलो. पहिल्या खेपेला परत आलो, कारण वर्गशिक्षकांचा अहवाल नव्हता. त्याची दिवसाची मजुरी बुडाली. त्या रात्री मला माझा जुना शेरा आठवला. 'आळशी' या एका शब्दाऐवजी मूल नेमके कुठे अडते, हे मी चार ओळींत लिहायला हवे होते.

दुसऱ्या खेपेला अहवाल नेला. आधी डोळे आणि कान तपासले, जन्माची हकिकत विचारली, मग बुद्ध्यंक, मग वाचन, लेखन, गणित. निष्कर्ष निघाला: बुद्धी चांगली, अडचण वाचनाची. बाप बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "म्हंजी मीबी 'ढ' नव्हतो का, गुरुजी?" मी "नाही रे बाबा" एवढेच म्हणू शकलो.

२०२३ साली राज्याने नियम बदलले. पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. फेरपरीक्षेतही उत्तीर्ण न झालेले मूल त्याच वर्गात राहते. अडचण न ओळखलेल्या मुलाला एक वर्ष जास्त बसवून अक्षरे सरळ होत नाहीत. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे: तिसरी-चौथीतच ते मूल हेरा, पालकांना विश्वासात घ्या आणि त्या चार ओळी लिहा. पुण्याची पहिली खेप तरी वाया जाणार नाही.