नहर, खाम आणि सांडपाण्याचा धडा

विज्ञानाच्या पुस्तकात सांडपाण्याचा धडा आहे. आधी जाळी, मग वाळू खाली बसवणारी टाकी, मग गाळाची टाकी, शेवटी हवा सोडून जिवाणूंकरवी उरलेली घाण कुजवणे. उर्दू माध्यमाच्या आमच्या वर्गात आम्ही तो शिकवतो. मुले पाठ करतात, गुण मिळवतात आणि धडा संपतो. एके वर्षी आम्ही पुस्तक मिटले आणि मुलांना पाणचक्कीवर नेले.

आमचे शहर आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. त्याआधी औरंगाबाद, आणि त्याही आधी खडकी. निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने 1610 साली खडकी वसवली. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पाण्याची किंमत जाणत होता. शहराच्या उत्तरेकडील डोंगरउतारावर त्याने जमिनीखालून नहर खोदवली. भूगर्भात झिरपलेले पाणी तिच्यात गोळा व्हायचे आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात यायचे. ना मोट, ना रहाट. गाळ काढायला आणि हवा खेळायला वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवलेली. हीच नहर-ए-अंबरी. 1626 साली मलिक अंबर वारला, पण त्याची नहर पुढे कित्येक पिढ्यांची तहान भागवत राहिली.

पाणचक्कीची नहर नंतरची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात कित्येक किलोमीटरवरून खापरी नळांतून पाणी येते, उंचावरून पडते, चक्कीचे पाते फिरवते आणि हौदात उतरते. या चक्कीवर फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. एकाच पाण्याने चक्की फिरवायची, हौद भरायचा आणि हौदाखालचा दिवाणखाना थंड ठेवायचा, असा तो हिशेब होता.

मुले ऐकत होती. एका मुलीने विचारले, "सर, इसके बाद ये पानी किधर जाता?"

आम्ही खाम नदीकडे बोट दाखवले. मुलांनी नाकाला रुमाल लावले. एक मुलगा म्हणाला, "सर, ये तो नाला है."

त्याला काय उत्तर द्यावे, हे आम्हाला सुचेना. पाणी आणण्याचा इतिहास आम्ही अभिमानाने सांगितला होता; वापरलेले पाणी सोडण्याचा इतिहास आमच्या डोळ्यांसमोर वाहत होता, आणि तो मलिक अंबरने नव्हे, आम्ही लिहिला होता. नहरीच्या तोंडांवर घरे बांधणारे, त्यांत कचरा टाकणारे आम्हीच. जायकवाडीचे पाणी नळाला आले आणि नहर विस्मरणात गेली. ते नळाचे पाणीही वर्षानुवर्षे रोज आले नाही. खामच्या पुनरुज्जीवनाचे काम अलीकडे सुरू झाले खरे, पण घराघरांतून येणारा ओघ थांबल्याशिवाय नदी स्वच्छ कशी होणार?

दुसऱ्या दिवशी शाळेत एका मुलाने नळाखाली बादली ठेवून वजू केला. बादली अर्धी भरली. मग त्याने लोट्याने केला, तर तळही जेमतेम झाकला. रसूलुल्लाह (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे एक लिटरहूनही कमी पाण्यात वजू करीत, हे मुलांना दीनियातमधून ठाऊक होतेच, मोजून पाहिले नव्हते. वजूचे पाणी साबणाचे नसते. मुलांनी चर खणून ते कडुनिंबाच्या मुळाशी नेले.

तेवढ्याने खाम शुद्ध होणार नाही. पण त्या वर्षीपासून आम्ही धडा त्या चरापासून सुरू करतो आणि त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहितो.