पाण्याची पातळी आणि आलेखाची रेघ

आषाढ-श्रावणात कोल्हापूर जिल्ह्यात दोन माणसं भेटली की रामराम झाल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बंधाऱ्यावर पाणी किती?" बंधारा म्हणजे कसबा बावड्याजवळचा, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. तिथं ३९ फूट झाले की इशारा आणि ४३ फूट झाले की धोका, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. फुटांच्या पट्टीखेरीजही लोकांची आपली मापं आहेत. शिवाजी पुलाच्या ठराविक खुणेला पाणी टेकलं की "मच्छिंद्री झाली" म्हणायचं. नृसिंहवाडीला दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की "दक्षिणद्वार झालं" म्हणायचं.

आता समजा, कोणी तुम्हाला सांगितलं, "पाणी ४१ फूट." एवढ्यावर गोठ्यातली जनावरं सोडायची की नाही, हे तुम्हाला ठरवता येईल का? नाही येणार. पाणी चढतं आहे की उतरतं, आणि चढत असेल तर तासाला बोटभर की हातभर, हे कळायला हवं. म्हणजे कालचा, परवाचा आकडा हवा. तोही नुसता वहीत नको, डोळ्यांपुढे हवा. आकड्यांची रांग वाचताना माणूस दहाव्या आकड्याला पहिला विसरतो. रेघ मात्र एका नजरेत चढ-उतार दाखवते.

ही रेघ काढायची कल्पना वाटते तितकी जुनी नाही. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे अशा रेघांनी दाखवणारं पुस्तक काढलं. हा मनुष्य जेम्स वॉटच्या कारखान्यात नकाशे काढत असे. वडील लवकर वारले, तेव्हा थोरल्या भावानं त्याला शिकवलं. रोजचं तापमान मोजायचं आणि ते आकड्याऐवजी रेघेनं मांडायचं, ही सवय त्या भावानं लावली. शिक्षक मंडळींनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पुस्तकात एक अडचण आली. स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे त्याला एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेघ कशी काढणार? मग त्यानं प्रत्येक देशासाठी आडव्या पट्ट्या काढल्या, आणि आज पाठ्यपुस्तकात दिसतो तो स्तंभालेख असा आकड्यांच्या टंचाईतून निघाला.

आपल्या देशात पुराच्या आकड्यांशी झुंजलेला मोठा माणूस म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस. १९२२ साली उत्तर बंगालात भयंकर पूर आला. पुराचं पाणी अडवून धरायला मोठमोठे साठे बांधावेत, असं तज्ज्ञ इंजिनिअरांच्या मनात होतं. खर्च अफाट होता. महालनोबिसांनी सुमारे पन्नास वर्षांचे पावसाचे आणि पुराचे आकडे गोळा करून तपासले आणि सांगितलं की या साठ्यांचा उपयोग होणार नाही, पाण्याला लवकर निघून जायला वाट हवी. पुढे १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचं पात्र वर आलं आहे, बांध उंच करा, असं मत तेव्हा होतं. यांनी साठ वर्षांचे आकडे मांडून दाखवलं की पात्र वर आलेलंच नाही. पुढे १९३१ साली त्यांनी कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्था काढली, आणि देशातलं पहिलं गणकयंत्र १९५६ साली तिथंच चालू झालं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तोच वाद आज आपल्या दारात आहे. पूर ओसरला की पारावर बोलणं सुरू होतं. कोणी म्हणतो अलमट्टीच्या फुगवट्यामुळं, कोणी म्हणतो महामार्गाच्या भरावामुळं, कोणी नदीकाठच्या बांधकामांकडे बोट दाखवतो, कोणी म्हणतो पाऊसच तसा पडला. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. महालनोबिसांकडे पन्नास वर्षांचे आकडे होते. तुमच्या गावाकडे किती वर्षांचे आहेत?

पूर्वी असे आकडे मांडायला कारकुनांची फौज लागे. आता एक साधा संगणक पुरतो, आणि त्याच्याशी बोलायची भाषाही फुकट मिळते. 'पायथन' नावाची संगणकाची भाषा गुइडो व्हान रॉसम या डच गृहस्थानं १९९१ साली लोकांपुढे ठेवली. तिच्यात आलेख काढायचा 'मॅटप्लॉटलिब' हा संच जॉन हंटर यानं २००३ साली दिला. हंटर मेंदूतल्या विजेच्या लहरींचा अभ्यास करी, अपस्माराच्या रोग्यांच्या. विकतच्या साधनांनी त्याचं काम भागेना, तेव्हा त्यानं आपलं साधन आपणच तयार केलं आणि सर्वांना वापरायला खुलं ठेवलं. २०१२ साली तो अकाली गेला. त्याचं साधन आज शाळेतल्या पोरापासून खगोलशास्त्रज्ञापर्यंत सगळे वापरतात.

आज्ञा चार-पाचच असतात. पहिल्या ओळीत आलेखाचा संच मागवायचा. दुसऱ्या ओळीत चौकटी कंसात तारखा लिहायच्या, मधे स्वल्पविराम देऊन. तिसऱ्या ओळीत त्याच क्रमानं पाण्याच्या उंच्या. मग 'प्लॉट' म्हणायचं आणि शेवटी 'शो' म्हणायचं. रेघ पडद्यावर उमटते. ३९ आणि ४३ या ठिकाणी आणखी दोन आडव्या रेघा काढायला दोन आज्ञा जास्त. आलेखावर मराठी नावं लिहिलीत आणि अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर घाबरू नका. त्या संचाच्या नेहमीच्या टंकात देवनागरी नसते, देवनागरीचा टंक कोणता वापरायचा ते सांगावं लागतं.

खरी मेख निराळीच आहे, आणि ती आपल्याकडचीच आहे. बंधाऱ्याची पातळी आपण फूट आणि इंचांत सांगतो. "४३ फूट ६ इंच" हे पोरं झटकन ४३.६ लिहितात. मग पाणी ४३ फूट ११ इंच झालं की ते लिहितात ४३.११. आता बघा : यंत्राच्या हिशोबी ४३.११ हे ४३.६ पेक्षा लहान. पाणी पाच इंच चढलं, आणि आलेखातली रेघ खाली उतरली! पुराच्या रात्री अशी रेघ कोणी पाहिली तर तो निवांत झोपेल. यंत्राला इंच ठाऊक नाहीत, त्याला दशांश ठाऊक आहेत. म्हणून इंचांना आधी बारानं भागायचं आणि मग फुटांत मिळवायचं. ६ इंचांचे ४३.५ होतात, ११ इंचांचे ४३.९२. गणिताच्या तासाला अपूर्णांक शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट कागदाच्या उंचीची. तुम्ही काही सांगितलं नाही तर यंत्र आपल्या मनानं पट्टी आखतं. दिलेल्या आकड्यांतला सगळ्यांत लहान तळाशी, सगळ्यांत मोठा माथ्याशी. त्यामुळं जूनमध्ये पाणी १८ वरून २० फुटांवर गेलं तरी चित्रात डोंगर उभा राहतो. म्हणून पट्टी आपण आखून द्यावी. खाली शून्य ठेवावं. वर किती ठेवावं?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याला फार महाग पडलेलं आहे. २००५ सालच्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी सुमारे ५० फुटांपर्यंत गेलं होतं. भिंतींवर, देवळांवर, लोकांच्या मनावर तीच खूण राहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं, इथं बाहेर पडा म्हणून सांगितलं जात होतं, तेव्हा कित्येक जण म्हणाले, "२००५ ला इथवर आलं नव्हतं, आता कुठं येतंय?" पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. माणसं माडीवर, छपरावर अडकली, होड्यांतून काढावी लागली. दावणीला बांधलेल्या जनावरांचं काय झालं ते शिरोळ-करवीरकडच्यांना वेगळं सांगायला नको. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा ५५ च्या पुढे. २००५ नंतर कोणी आलेखाचा कागद ५० फुटांवर कापला असता, तर या दोन्ही पुरांना त्याच्यावर जागाच नव्हती. तेव्हा वर ६० तरी ठेवा, आणि आलेखात २००५, २०१९, २०२१ च्या तीन रेघा फिक्या रंगात कायम असू द्या.

शिक्षकहो, रेघ काढून झाली की मुलांना पुढचं काम द्या. एका कागदावर दोन आलेख, एकाखाली एक. वर गगनबावड्याचा पाऊस, खाली राजाराम बंधाऱ्याची पातळी, तारखा आणि तास दोन्हींना सारखे. वरचा शेंडा आधी दिसेल, खालचा मागाहून. भोगावतीवर राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले ती वेळही उभ्या रेघेनं दाखवा. मग पट्टी घ्या आणि दोन शेंड्यांमधलं अंतर तासांत मोजायला सांगा, कारण गावातली म्हातारी माणसं, गुरं आणि धान्य हलवायला तेवढेच तास हातात असतात.